सगळे आले

नाकासमोर चालणं हा बाईंचा स्वभाव होता आणि आता धंदाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी त्या हौशी मंडळींना शहरातल्या जुन्या इमारती पायी फिरून दाखवत. परक्या राज्यकर्त्यांनी बांधलेला घड्याळाचा मनोरा, मग कोर्ट, मग तारघर आणि शेवटी नदीवरचा धक्का. पुढे बाई, मध्ये दहाबारा माणसं आणि शेवटी त्यांचा धाकटा भाऊ. तो ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबूकाका म्हणत. प्रत्येक दारातून शेवटचा माणूस बाहेर पडला की तो मागून ओरडायचा, ‘‘सगळे आले!’’ मगच बाई पुढे निघत. वळून मात्र बघत नसत. पुढच्याने मान वळवली की अख्खी रांग थबकते, हे त्या पस्तीस वर्षं शाळेच्या सहली नेऊन शिकल्या होत्या.

गेल्या रविवारी तारघरात लंबूकाकाच हरवला. तारघर म्हणजे काय, तर एक अंधारा, लांबलचक बोळ, चाळीस पावलांचा. त्यात माणूस हरवणार कुठे? ‘सगळे आले’ ऐकूनच बाई निघाल्या होत्या. धक्क्यावर पोचून बघतात तर भाऊ नाही. तासाभराने तो तारघराच्या पायरीवर सापडला, घामाने डबडबलेला, दोन्ही खांद्यांना भिंतीचा चुना लागलेला.

‘‘अरे, ओरडलास ना सगळे आले म्हणून?’’

‘‘मी नाही गं ओरडलो, ताई. माझ्या मागून अजून माणसं येत होती. संपतच नव्हती. त्यांना सोडून कसं ओरडू?’’

बाईंना धास्ती वाटली, ती भुताखेतांची नव्हे. वय झालं की काही जणांचं असं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. बाईंना ‘अगं’ म्हणणारं आता जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

म्हणून या रविवारी त्या चक्क खोटं बोलल्या. ‘‘आज फेरी रद्द,’’ असं त्याला सांगितलं, त्याच्यापुढे चहा ठेवला आणि निघताना दाराला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली मुठीतच ठेवली. मनाची लाज वाटत होती, पण करता काय!

मनोऱ्यापाशी बारा जण जमले होते. पायऱ्या उतरून आल्यावर बाई सवयीने मागच्या हाकेसाठी थांबल्या आणि मग स्वतःवरच चरफडत निघाल्या. आज त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. मनोऱ्याची उंची चुकीची सांगितली, कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीची नेहमीची गंमत सांगायलाही विसरल्या. तिथे पारव्यांच्या विष्ठेचा आणि ओल्या लाकडाचा वास कोंडला होता. बाई घाईघाईने बाहेर पडल्या.

‘‘सगळे आले!’’

तोच घोगरा आवाज. शेवटचं अक्षर तसंच लांबवलेलं.

सुटला की काय हा? पण घराला दार एकच, आणि त्याची किल्ली तर मुठीत होती. कुणीतरी जुनं गिऱ्हाईक नक्कल करत असणार. चेष्टेलाही काही सुमार असतो, असं पुटपुटत त्या तारघराकडे वळल्या.

बोळात ऐन सकाळी गारवा होता. बाई भराभर चालल्या. पलीकडच्या दाराच्या उजेडात पाऊल ठेवलं, एक एक माणूस बाहेर आल्याची चाहूल घेतली.

‘‘सगळे आले!’’

या वेळी बाईंनी नियम मोडला. गर्रकन वळल्या. बाराही जण बाहेर उभे होते. भाऊ नव्हता.

‘‘हे कोण ओरडलं?’’

शेवटी उभ्या असलेल्या, गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या माणसाने अंगठ्याने मागे दाखवलं. ‘‘माझ्या मागचे.’’

‘‘तुमच्या मागे कोण आहे?’’

त्याने वळून पाहिलं. बोळ रिकामा होता. ‘‘होते की आत्ता. कोर्टापासून आहेत. बरेच जण आहेत.’’

पोट बिघडल्याचं निमित्त सांगून बाईंनी फेरी तिथेच गुंडाळली. मंडळी कुरकुरत पांगली. बाई जवळजवळ धावतच घराकडे निघाल्या. भाऊ घरात आहे ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

छापखान्याच्या कोपऱ्यावर वळल्या.

‘‘सगळे आले!’’

मागे पाहिलं. ऊन, भिंतीला टेकवलेली सायकल, बाकी काही नाही. पुन्हा तोंड फिरवून चालू लागल्या.

दवाखान्याच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच. आवाज आता जवळून आला होता.

मग त्यांनी वळून पाहिलं नाही.

दाराला कुलूप जसंच्या तसं होतं. बाईंना हायसं वाटलं, डोळेच भरून आले. कुलूप काढून त्यांनी दार उघडलं.

लंबूकाका दाराच्या आतल्या अरुंद पडवीत खुर्चीवर बसला होता, लांब पाय वाटेत पसरून. चहा तसाच, वर साय धरलेली.

‘‘फेरी होती ना गं?’’

‘‘होती रे. चुकलं माझं. पुन्हा नाही तुला कोंडणार.’’

त्या आत आल्या आणि मागे हात नेऊन दार लोटू लागल्या.

‘‘थांब,’’ तो म्हणाला. ‘‘लावू नकोस इतक्यात.’’

तो त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. मग त्याने पाय जवळ ओढून घेतले, कुणाला वाट द्यावी तसे.

थोडं थांबून पसरले. पुन्हा ओढून घेतले.

पुन्हा.

बाई नाकासमोर बघत उभ्या होत्या. भाऊ अजून ‘सगळे आले’ म्हणाला नव्हता.