ओट्यावरची पंचविसावी

"माझ्या आजीचं नाव तुमच्या यादीत नाही," प्रज्ञा दारातूनच म्हणाली. "का नाही, ते शोधा."

मेघा बोरसे जळगावात लग्नाआधीच्या चौकशा करून देई. मुलगा पितो का, आधीचं लफडं आहे का, असलं सगळं. अमृत तिची गाडी चालवी आणि बहुतेक वेळा चुकीचे अंदाज बांधी. या महिन्यात काम वेगळं होतं. सोनगीरच्या रेवाबाई कन्याशाळेला पहिल्या तुकडीतल्या पंचवीस मुलींचं पुढं काय झालं, ते हवं होतं. रविवारी सत्कार होता. बहुतेकींचं 'पुढं काय झालं' एका ओळीत मावलं: लग्न, बाळंतपणं, मरण.

"आजी ब्याण्णवची आहे. अर्धी भाकरी खाते," प्रज्ञा म्हणाली. "एकच मागते. त्या शाळेत एकदा माझं नाव पुकारा. शाळावाले म्हणतात, म्हातारी खोटं बोलते."

धुळ्याला प्रज्ञाच्या घरी द्रौपदाबाई खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या.

"बठ्ठ्या पोरी मझार," त्या म्हणाल्या, "अन मी वट्टावर."

"सगळ्या आत, ही ओट्यावर," प्रज्ञानं सांगितलं. "महारवाड्यातली ना."

"हजेरीत नाव काय होतं, आजी?" मेघानं विचारलं.

म्हातारीनं मान फिरवली. "बाईनी शपथ शे."

"शाळेतल्या बाईंची शपथ आहे म्हणते," प्रज्ञा म्हणाली.

मेघानं यादी मोठ्यानं वाचायला घेतली. 'कौतिक वना पाटील' ऐकताच म्हातारीचा हात वर उठला आणि लगेच पदराखाली गेला.

"माशी असेल," अमृत पुटपुटला.

शाळेत रतिलाल कारकुनानं हजेरीबुक मिरवलं. "सहा वर्षांत आकडा पंचविसाच्या खाली नाही, बघा! पंचवीस भरल्या नाहीत तर शाळेला कुलूप, असा हुकूमच होता."

द्रौपदा हे नाव कुठंच नव्हतं.

"महारवाड्यातली एखादी होती का?"

"तसलं नाव लागलं असतं तर बाकीच्यांनी पोरी काढून नेल्या असत्या. तेव्हाची गोष्ट हं ताई, आता तसं काही नाही."

बक्षीसबुकात शेहेचाळीस सालची सही होती. कौतिक, फायनलच्या परीक्षेत पहिली. ठसठशीत, वळणदार अक्षर.

शाळेचे अध्यक्ष मोतीलाल नाना या कौतिकबाईचे चिरंजीव. त्यांनी आपल्या खोलीतल्या भिंतीवरचं दानपत्र दाखवलं. "शाळेची ही जागा आईनं दिली." कागदाखाली निळा ठसा होता आणि लिहिणाऱ्यानं शेजारी नोंदलं होतं: 'निशाणी कौतिकबाईची, डाव्या हाताचा अंगठा.' अमृतनं हात जोडले.

"त्यांचं लग्न कधी झालं, नाना?"

"चव्वेचाळीसला. बाराव्या वर्षी पिंपळनेरला दिली. सासरा असा खडूस, एकोणपन्नासला मी जन्मलो तेव्हा तिला माहेर दिसलं."

गाडीत अमृत म्हणाला, "म्हातारीला भ्रम झालाय."

"तुम्ही हात कशाला जोडलेत, अमृतभाऊ?"

"अंगठ्याला..." म्हणता म्हणता तो थबकला. तरी त्याला पुढचं काही उमगेना.

शनिवारी नानांच्या खोलीत सगळे बसले. आजीही होती.

"चव्वेचाळीसला कौतिकबाई पिंपळनेरला गेल्या," मेघा म्हणाली. "तरी शेहेचाळीसपर्यंत इथं रोज हजर! परीक्षेत पहिल्या आल्या, सुंदर सही केली आणि पुढं जमिनीच्या कागदावर अंगठा उठवला. सही येणारं माणूस अंगठा का उठवील? बारा वर्षांची पोर सासरी अक्षर विसरेल, पण फायनलला पहिली आलेली नाही विसरायची. ती पोर सासरी गेली तेव्हा चोवीसच राहिल्या, म्हणजे कुलूप. ओट्यावर बसून ऐकणारी एक हुशार पोर होती, पण तिचं नाव लावलं तर बाकीच्या पळतात. म्हणून बाईंनी तिला गेलेल्या पोरीचं नाव दिलं आणि शपथ घातली. बोललीस तर शाळा बंद. गावाला ठाऊक नव्हतं का? होतं. कागद तेवढा सोवळा राहिला, गावाचं भागलं. आजी, लिहा."

द्रौपदाबाईंनी 'कौतिक' लिहिलं. मेघानं शेजारी बक्षीसबुक ठेवलं. वळण तेच, फक्त म्हातारं झालेलं.

"परीक्षा धुळ्याले," म्हातारी हळूच म्हणाली. "तठे तीन दिन मी बाकवर."

मोतीलाल नानांनी भिंतीवरच्या ठशाकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे माझी आई लबाड ठरवायची? हजेरीत नाव तिचं आहे. ओटा कुठं लिहिलाय, दाखवा."

अमृतला वाटलं, आता मेघाताई पोतडीतून काहीतरी काढील. तिनं काही काढलं नाही. कोडं सुटलं होतं आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

रविवारी सभागृह गच्च भरलं. मेघा, अमृत, प्रज्ञा आणि आजी यांच्या खुर्च्या बाहेर ओट्यावर पडल्या. निवेदक एकेक नाव पुकारी, वारस उठून शाल घेई.

"कौतिक वना पाटील!"

नाना उठले. तेवढ्यात ओट्यावरून खणखणीत आवाज आला, "हजर!"

लोक हसले. नानांनी मागं न बघता शाल घेतली.

पंचवीस नावं संपली. द्रौपदाबाई काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिल्या. मग त्यांनी प्रज्ञाचा हात ओढला.

"आते मन्हं नाव कव्हय लेतीन?"

"आता माझं नाव कधी घेतील, विचारतेय," प्रज्ञा मेघाला म्हणाली. आत निवेदक लाऊडस्पीकरवाल्याचे आभार मानत होता.