गोठलेली ट्यूब

"एकाच टेबलावर दोघींना एकच काम देऊ नकोस, दर्शना," निवृत्त होताना बकुळा मॅडमनी बजावलं होतं. "एकीचं जमेल, दुसरीचं नाही. मग बस निस्तरत."

डॉ. दर्शना तेव्हा हसली होती. "मॅडम, पीएचडी करणाऱ्या मुली आहेत. बालवाडीतल्या नाहीत."

आज परळच्या त्याच प्रयोगशाळेत ऑलिव्हियाची खुर्ची रिकामी होती. फोन बंद.

सकाळी बाहेरून आलेल्या परीक्षकांना ती आपलं एन्झाइम दाखवत होती. दुधातली साखर फोडणारं. ज्या बाळांना दूध पचत नाही, त्यांच्यासाठी. रंगहीन द्रावणात थेंब टाकला की पिवळा रंग उमटायचा. इतके दिवस उमटत होता. आज द्रावण पाण्यासारखं नितळ राहिलं.

"म्हणजे आधीचे आकडे खोटे," विभागप्रमुख राजरत्न सर सगळ्यांसमोर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कारण कळलं नाही, तर तिची नोंदणी रद्द करा असं मी लिहून देणार."

ऑलिव्हिया तडक निघून गेली.

दर्शनाने आधी घरी फोन लावला. बाळाचा ताप उतरला होता, सासूबाईंनी पेज भरवली होती. मग तिने ऑलिव्हियाची सकाळची एन्झाइमची ट्यूब उचलली. तळाशी थोडं उरलं होतं. त्यातला एक थेंब तिने प्रोटीन तपासायच्या रंगात टाकला. प्रोटीन असेल, तर हा तपकिरी रंग निळा होतो.

तो तपकिरीच राहिला.

उरलेलं तिने पुन्हा उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवलं आणि तिथेच पीएचडी करणाऱ्या स्वप्नीलला हाक मारली.

"सकाळी तिला हसलास म्हणे."

"हसलो, मॅम. खोटं कशाला बोलू? तिचं सगळं पहिल्या झटक्यात होतं. जळते माझी. पण ट्यूबला हात नाय लावला."

"तुझं एन्झाइम कुठे असतं?"

"तिच्याच शेजारी. तिच्यासारखंच ग्लिसरीन घालून." त्याने आपली ट्यूब काढून तिरकी केली. आतला थेंब मधासारखा हळूच सरकला. "बघा ना. माझं जागच्या जागी आहे."

मग श्रेया आली. ती आणि ऑलिव्हिया एकाच टेबलावर काम करायच्या, रोज एकमेकींच्या डब्यातलं खायच्या.

"सकाळी ट्यूब कोणी काढली?"

"मीच, मॅम. ती मशीन लावत होती ना. म्हटलं, मदत करू."

"कशी होती?"

"घट्ट बर्फ. मुठीत धरून वितळवली नि दिली." श्रेयाने आवाज उतरवला. "तिनेच नीट ठेवली नसेल, मॅम. मेलं असेल एन्झाइम. हुशार असली म्हणून काय झालं? चुकतं की माणूस."

"तुझे नमुने कुठे असतात गं?"

"मोठ्या फ्रीझरमध्ये, उणे ऐंशीला. आमच्या नशिबी सगळा गाळच." ती हसली. "तीन वर्षं झाली, माझं प्रोटीन विरघळायलाच तयार नाही."

"थांब इथेच," दर्शना म्हणाली. मग तिने राजरत्न सरांना बोलावून घेतलं.

सरांसमोर तिने फ्रीझर उघडला आणि ऑलिव्हियाची ट्यूब उलटी धरली. आतलं जरासुद्धा हललं नाही.

"सर, सगळे म्हणतायत एन्झाइम मेलं. पण मग प्रेत कुठाय? मेलेलं एन्झाइमसुद्धा प्रोटीनच असतं. रंग निळा व्हायला हवा होता, तो झाला नाही. म्हणजे ट्यूबमध्ये एन्झाइम नव्हतंच. कोणीतरी ते पळवून आत नुसतं बफर, म्हणजे क्षारांचं पाणी, भरलं."

"कोणी?"

"ग्लिसरीनमधलं एन्झाइम या फ्रीझरमध्ये गोठत नाही. स्वप्नीलचं बघा, वाहतंय. त्याने बदललं असतं, तर बफरमध्ये ग्लिसरीन नक्की घातलं असतं. रोजचं काम आहे त्याचं. ही चूक एकाच माणसाकडून होऊ शकते. शुद्ध प्रोटीन ग्लिसरीनमध्ये ठेवायची वेळच जिच्यावर कधी आली नाही. जिच्या फ्रीझरमध्ये सगळं गोठतंच. म्हणून ट्यूबमध्ये बर्फ बघून तिला नवल वाटलं नाही. उलट आपणच वितळवला, असं तिने आपल्या तोंडाने सांगितलं. हो ना, श्रेया?"



"तिचं काही जमलं की सगळे टाळ्या वाजवायचे," श्रेया म्हणाली. "मीपण वाजवायचे, मॅम. सगळ्यांच्या आधी."

"खरी ट्यूब फेकलीस?"

तिने नकारार्थी मान हलवली. मोठा फ्रीझर उघडून आपल्या गाळाच्या डब्यांखालून तिने एक ट्यूब काढली. "नाही फेकवलं. इतकं स्वच्छ प्रोटीन मी कधी हातात धरलं नव्हतं."

दर्शनाने थेंब टाकला. द्रावण पिवळं झालं. राजरत्न सरांनी चष्मा काढून पुसला. "ऑलिव्हियाला बोलवा," एवढंच म्हणाले.

गिरगावच्या घरी फोन तिच्या आईने, मार्गारेटने, उचलला. "आल्यापासून दार लावून बसलीय गं. काय झालंय?"

"आंटी, दार वाजवा. जोरात वाजवा. आणि सांगा, पिवळा रंग आला."

मग ऑलिव्हियाला सगळ्यांनी फोन केले. स्वप्नील तर केक घेऊन गिरगावला निघालासुद्धा. त्या गडबडीत श्रेया बॅग उचलून जिना उतरली. कुठे चाललीस, हे कोणी विचारलं नाही. दर्शनानेही नाही.

बाळाकडे परतताना टॅक्सीत तिला ते एकदम आठवलं. तिने श्रेयाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

"भाऊ, टॅक्सी वळवा. घोडपदेवला."

दार श्रेयाच्या आईने उघडलं. आत पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. घरी होती, एवढंच दर्शनाला पुरे होतं. ती तिच्या उशाशी बसली.

जिचं जमतं, तिला फोन करणारे पुष्कळ असतात. तुमच्याही शेजारच्या टेबलावर, नाहीतर घरातच, दुसरी असेल. सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवणारी. हे वाचून होताच तिला फोन करा. जेवलीस का, एवढंच विचारा. उचलला नाही, तर जाऊन या.