ही बॅच सुटू दे

"हे इथे कोणी ठेवलं?"

प्राध्यापक सिप्रियन माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. आणि तेही माझ्याकडे न बघता. नजर होती तीन मजली केकवर.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. वसईतल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सचा एक वर्षाचा कोर्स नुकताच सुरू झाला होता आणि अख्ख्या इमारतीत एसी एकच, कॉम्प्युटर लॅबमध्ये. प्रिन्सिपॉल पंख्याखाली घाम पुसायचे, मशीनं मात्र गारव्यात! त्या दिवशी चार वाजता पापडीच्या चर्चमध्ये माझ्या भावाचं, अँथनीचं लग्न. केक मावसबहीण ग्रेसीने केलेला, आणि त्याचं आयसिंग सकाळपासूनच ओघळायला लागलेलं. मी कॉलेजच्या ऑफिसात हिशेबाला; किल्ल्यांचा जुडगा माझ्याच कमरेला. मी दुसरं काय करणार होते?

"मी ठेवलाय," मी म्हटलं. "तीनला नेते."

"ही कॉम्प्युटर लॅब आहे, मॅडम."

"म्हणूनच ठेवलाय. लायब्ररीत एसी असता तर तिथे ठेवला असता."

"मुंग्या येतील!"

"मशीनमध्ये त्यांना खायला काय आहे?"

त्यांचे कान लालबुंद. मग ताडताड निघून गेले. मला वाटलं, झालं, गेले प्रिन्सिपॉलकडे. पण ते परतले केमिस्ट्रीच्या लॅबमधून चार काचेच्या वाट्या घेऊन. टेबलाचा एकेक पाय वाटीत ठेवला, गुडघ्यांवर बसून प्रत्येकीत पाणी ओतलं आणि मान वर करून माझ्यावरच खेकसले, "आता इथे कोणी पाय ठेवायचा नाय. पानी सांडलं तर बघा!"

'पानी' म्हणाले आणि जीभ चावली. म्हणजे हे पाचूबंदरचे. कोळीवाड्यातून मुंबईला जाऊन एम.एस्सी. झालेले आणि परत इकडेच शिकवायला आलेले.

माझा पिंडच हिशेबनिसाचा. नवं माणूस दिसलं की जमेला धरायचं की खर्ची टाकायचं, ते मी दारातच ठरवते. सरांना त्या दिवशी जमेला धरलं. पुढे कळलं की हा माणूस जमेचा नाही, खर्चाचाही नाही. ही कायमची येणे बाकी!

कारण सरांचं एक वाक्य होतं — "ही बॅच सुटू दे."

मशीनं चार आणि पोरं वर्गभर. मग सर पोरांनाच मैदानात रांगेत उभं करायचे, उंची उलटसुलट. "तू आणि तू, जागा बदला! आता पुढचे दोघं!" असं ओरडत रांग ठेंगण्यापासून उंचापर्यंत लावून घ्यायचे. मशीन आतून असंच करतं म्हणे. शेजारच्या वर्गातले मराठीचे सर वैतागून खिडक्या लावून घ्यायचे. पण पोरं शिकली. एकेक बंगळूरला गेला, अमेरिकेला गेला, आणि तिथून ऑफिसात फोन करायला लागला: "सर, आमच्या कंपनीत या ना."

"येतो रे. ही बॅच सुटू दे."

पीएच.डी.ला नाव घातलेलं. गाईडचा निरोप आला की तेच. घराचं छप्पर गळतंय, आई ओरडतेय, तरी तेच. आई पापडीच्या बाजारात मासळी विकायची. मला बघितलं की बोंबलांचा वाटा बाजूला सारून सुरू व्हायची, "बाय रोजी, ह्याला कोन समजावनार? हा बॅचा सोडत बसनार नि मी एक दिवस डोले मिटनार!"

समजावणार कोण? मी तर त्यांच्या स्कूटरवर मागे बसायला लागले होते. पाचूबंदरच्या वाटेवर आमची पापडी लागते, एवढंच कारण. पण ती स्कूटर दिवसेंदिवस हळू चालायला लागली. शेवटी शेवटी तर सायकलवाले आम्हाला मागे टाकून वळून बघायचे.

एकदा ऑगस्टमध्ये पावसाची सर अशी जोराची आली की आम्ही बेकरीच्या पत्र्याखाली थांबलो. आतून ताज्या पावाचा वास… माझी ओढणी निथळतेय, त्यांचा चष्मा धुरकटलेला.

"रोझलिन…"

"हं?"

"तुझ्या केसांत… पाणी आहे."

"पाऊस आहे सर. पाणीच असणार."

"तसं नाही… मला म्हणायचं होतं की —"

"म्हणा ना."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओल्या रुमालाने पुसलेला, त्यामुळे आणखीच धुरकटला. "ही बॅच सुटली की बोलतो."

मी पावसाकडे बघत राहिले. चिडायचं तरी कोणावर!

बॅच सुटली. दुसरी बसली. तीही सुटली.

दोन हजार एकच्या ईस्टरला मार्गारेटचा फोन आला. ही माझी आतेबहीण, कुवेतला असते. तिच्या कंपनीला हिशेब बघणारी बाई हवी होती. "व्हिसा होतोय, रोझी. मंगळवारी संध्याकाळी फोन करते, हो की नाही ते सांग. मग जागा राहणार नाही." डॅडी म्हणाले, "तुझं तू ठरव." मम्मीने मोठी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

सोमवारी मी सरांना सांगितलं. ते चालता चालता थांबले. चेहरा असा उतरला की मला क्षणभर बरं वाटलं.

"मंगळवारी?" ते म्हणाले. "पण मंगळवारी प्रॅक्टिकल आहे. एक्स्टर्नल परीक्षक येणार आहेत. रोझलिन, एवढी ही बॅच…"

मी त्या दिवशी चालत घरी गेले.

मंगळवारी एक्स्टर्नल बाईंच्या कागदावर सह्या हव्या होत्या, म्हणून लॅबमध्ये जावं लागलं. बाई मुंबईहून आलेल्या, पिकल्या केसांच्या. पोरं खाली मान घालून टायपत होती. मी कागद पुढे केला आणि लाइट गेले. यूपीएस दोनदा केकाटला आणि गप्प झाला. पडदे काळे पडले. कोणी तरी कळवळून म्हणालं, "सर, सेव्ह नव्हतं केलं!"

एसी बंद पडला तशी खोली तापायला लागली. बाई शांतपणे म्हणाल्या, "लाइट आले की परत घेऊ." सर सही करायला वाकले, आणि अगदी हळू —

"रोझलिन, प्लीज… ही बॅच तेवढी…"

मी हळू बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

"सर, ही बॅच सुटली की दुसरी बसते. मी एकच आहे. माझी दुसरी बॅच येणार नाही!"

पंखे बंद, मशीनं बंद. शेवटच्या मशीनवरच्या पोरालाही ऐकू गेलं. मी कागद उचलला, बाहेर येऊन चपला घातल्या आणि मैदानात उतरले. एप्रिलचं ऊन नुसतं चटके देत होतं. अर्ध्यावर गेले असेन, तेवढ्यात मागून आवाज आला.

"रोझलिन! थांब… आई गं… थांब!"

सर अनवाणी होते. लॅबमध्ये चपला काढून जायचं, हा नियम त्यांचाच. तापल्या मातीवर कधी या पायावर, कधी त्या पायावर उड्या मारत येत होते. मला हसू आलं म्हणून मी आणखीच चिडले.

"परीक्षा टाकून आलात?"

"बाईंनी हाकललं. म्हणाल्या, जा, मी बसते." श्वास लागलेला. "रोझलिन, माझ्याशी लग्न करशील? आज संध्याकाळी तुझ्या डॅडींना भेटतो. मग फादरकडे जातो. मे महिन्यातच करू… नवी बॅच यायच्या आत."

"परत बॅच!"

"पन या वेळी आधी म्हनतोय ना!" त्यांनी या वेळी जीभ चावली नाही. "आजपर्यंत नंतर म्हनायचो."

मागे लॅबच्या खिडक्यांत सगळी बॅच लटकलेली. तेवढ्यात लाइट आले आणि पोरांनी आरोळी ठोकली. लाइटसाठी की आमच्यासाठी, ते मी विचारलं नाही.

"जा," मी म्हटलं. "पोरं थांबलीयत."

"हो म्हण आधी!"

"पाय भाजतायत तुमचे."

"भाजू देत. हो म्हण."

"हो! जा आता!"

ते उड्या मारत परत गेले.

संध्याकाळ झाली. डॅडी नवा शर्ट घालून ओट्यावर बसले. मम्मीने तिसऱ्यांदा चहाचं आधण चढवलं. सरांचा पत्ता नाही. फेरपरीक्षा, दुसरं काय! आणि फोन वाजला.

"काय ठरलं, रोझी?" मार्गारेटने विचारलं.

"नाही येत."

"वेडी आहेस का? असं काय मिळणार आहे तिथे राहून?"

फाटकाशी स्कूटर फटफटून बंद पडली. खिडकीतून दिसलं: सर उतरले, अंगात तोच घामेजलेला शर्ट, ओळखीच्या फाटकाची कडी उलट्या बाजूने ओढतायत.

"उशीर," मी म्हटलं. "जन्मभर, रोज थोडा थोडा उशीर."

आणि फोन ठेवून फाटक उघडायला गेले.