कोरड्या डोळ्यांचं पाणी

भिलाईच्या एका दवाखान्यात, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर ललिता बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. शेजारचा तरुण मघापासून चुळबुळत होता.

"अहो... रडू नका ना."

"मी रडून नाही राहिली. माझे डोळे कोरडे आहेत."

त्यानं तिच्या ओल्या गालांकडे पाहिलं. "कोरडे? मग ओले झाल्यावर काय होत असन!"

ललिताला हसू फुटलं. तो गुलाब रामटेके. कारखान्यात क्रेन चालवायचा, नजरेच्या वार्षिक तपासणीला आला होता. ती जवळच्याच मरोदा गावच्या शाळेत शिकवायची. तिला डॉक्टरांनी नुकतंच समजावलं होतं. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून अश्रू टिकतात. तिच्या ग्रंथी तुंबल्या होत्या. डोळा सुकायचा, चुरचुरायचा आणि मग पाण्याचा लोंढा! रोज गरम पाण्यात पिळलेल्या कापडाच्या घडीनं शेकायचं, हलक्या बोटानं पापण्या चोळायच्या. मधुमेह असला की हा त्रास जास्त, असंही डॉक्टर म्हणाले होते.

तेवढं एक तिनं गुलाबला सांगितलं नाही.

महिन्यानं ती पुन्हा गेली, तर बाकावर गुलाब!

"तुमची तपासणी तर झाली होती ना?"

"डोळ्यात गेलं काही तरी..."

"कोणत्या?"

त्यानं आधी डावा दाखवला, मग उजवा.

त्यानंतर बसस्टॉपपर्यंतची वाट लांबत गेली. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात तो सायकल हातानं ढकलत चालायचा आणि ती मुद्दाम सावकाश. एक दिवस तो थांबला.

"रविवारी... आईले घेऊन येऊ काय?"

ललिताही थांबली. दोन वर्षांपूर्वी नागपूरचं एक स्थळ पोहे खाऊन, मधुमेहाचं ऐकून दारातूनच परत गेलं होतं. "या बारीले लग्नानंतर सांगू," तिची आई कांता म्हणायची. पण या माणसाशी लपवाछपवी? नाही.

"मले शुगर आहे. सोळा वर्षांची होती तवापासून. रोज सुई घ्या लागते. जन्मभर."

तिची बस आली. ती चढली, तरी गुलाब सायकल धरून तसाच उभा.

चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. ललिता शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबायची. आपण बरोबर केलं, असं स्वतःला बजावायची... आणि तरी जीव हुरहुरायचा.

रविवारी सकाळी दारात गुलाब उभा. सोबत त्याची आई.

"उत्तर द्याले उशीर झाला," तो म्हणाला. "आईले डॉक्टरकडे नेलं होतं. तिले समजून घ्यायचं होतं सगळं. अन् मलेबी."

गुलाबची आई ललिताजवळ येऊन बसली. तिनं ना मुलाबाळांचं विचारलं, ना खर्चाचं. ललिताचा हात हाती घेऊन म्हणाली, "सुई दुखते काय वो, पोरी?"

आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"दुखते," ललिता म्हणाली. बोलल्यावर तिला एकदम हलकं वाटलं.

ती चहा घेऊन आली, तेव्हा गुलाब दबक्या आवाजात म्हणाला, "मग... हो समजू काय?"

"बिनसाखरेचा आहे. गोड लागला, तर हो समजा."

"लागला!" गुलाब म्हणाला.

कप अजून ट्रेमध्येच होता.