शेवटच्या पिंपामागे

द्राक्षमळ्यांच्या त्या भागात आम्हा तिघांपैकी कुणीच कधी गेलं नव्हतं. वाइन लाल असते किंवा पांढरी असते, एवढंच आमचं ज्ञान. तरी भाऊजी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसायचे आणि चष्मा कपाळावर चढवून रस्त्यांवर पेन्सिलीने खुणा करायचे. मी ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडे जायची. ताईचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर.

"एका दिवसात दोनच मळे," मी सांगितलं. "नवख्यांनी त्याहून जास्त करू नयेत. आणि घोट तोंडात घोळवून थुंकून टाकायचा असतो."

"थुंकायचंच, तर एवढी गाडी हाकत जायचं कशाला? ते मी इथं बेसिनपाशीसुद्धा करीन."

"तुम्हाला गाडी चालवायची आहे. तुम्ही नुसता वास घ्या," ताई म्हणाली. मग म्हणाली, "मला तर तेवढंही नाही जमणार."

या सहलीचं कारणच ते होतं. ताईची बेकरी होती. पाव भट्टीतून कधी काढायचा, ते ती घड्याळाकडे न बघता सांगायची. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मान वळवायची आणि आत जायची. दीड वर्षापूर्वी तिला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. एका सकाळी सगळी भट्टी करपून कोळसा झाली, धूर रस्त्यावर गेला, आणि ती गल्ल्यावर शांत बसून होती. त्यानंतर तिने दुकान उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, रोज वेगवेगळे वास घेण्याचा सराव करा, काहींना फरक पडतो. द्राक्षमळ्यांवर वास कसा घ्यायचा ते नवशिक्यांना शिकवतात असं मी वाचलं होतं. ताई लगेच तयार झाली. आशा वाटते असं ती बोलून दाखवत नव्हती. फक्त बेकरीची किल्ली पुन्हा पर्समध्ये ठेवू लागली होती.

माझं कामही वासाचंच आहे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. यंत्रांना सापडत नाही ते कधीकधी नाकाला सापडतं, म्हणून आम्ही झाकणाचे चंबू वापरतो: एकात तपासायचं पाणी, बाकीच्यांत शुद्ध. कुठल्यात काय आहे हे हुंगणाऱ्याला ठाऊक नसतं. या सवयीमुळे मला माणसंही वासावरून कळतात. ताई म्हणजे गुडघ्याला चोळायचं मलम आणि गालात धरलेली वेलची. डोळे मिटूनही ती खोलीत आली की मला समजतं.

कुठले मळे निवडायचे हे ठरवण्यासाठी मी चार ठिकाणांहून छोट्या बाटल्या मागवल्या. चौथ्या मळ्याच्या बाईंशी फोनवर बोलले. आवाज कोरडा, पण माणूस नीटनेटकं वाटलं.

"तळघरही दाखवू," त्या म्हणाल्या. "फक्त येताना अत्तर, सेंट काही लावू नका. खाली बाहेरचा वास शिरला, की निघता निघत नाही."

पहिल्या तीन बाटल्यांना ताईने नाक लावलं आणि मान हलवली. चौथा ग्लास मात्र तिने नाकाशी धरला तो धरलाच.

"ओला दगड," ती म्हणाली.

भाऊजींची पेन्सिल थांबली.

मी तो ग्लास हुंगला. साधी लाल वाइन. थोडं जांभळासारखं, थोडं लाकूड. दगड नव्हता. ताईचे डोळे भरून आले होते. मला आनंद झाला, पण आधी खात्री करून घ्यावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून चंबू आणले, चारही वाइन त्यांत ओतल्या, बाहेरून कागद गुंडाळला आणि भाऊजींना माझ्या पाठीमागे त्यांची अदलाबदल करायला लावली. ताईने दर वेळी तोच चंबू उचलला. बाकीचे तिच्या लेखी रिकामे होते.

"परीक्षा घेतेस होय गं माझी?" ती हसली. "आज दिव्याचा वास आहे. रॉकेलचा दिवा, नुकताच लावलेला. आणि उजव्या हाताला चुन्याची भिंत. ओल आहे तिला."

"उजव्या हाताला हे वासावरून कसं कळलं?"

"कळतं," ती म्हणाली. "भट्टीच्या कुठल्या कोपऱ्यातला पाव झालाय ते कळायचं, तसं."

मला ते पटलं नाही आणि खोडूनही काढता येईना. मग रोज संध्याकाळी थोडीथोडी वाइन ग्लासात ओतायची आणि ताई काय सांगते ते ऐकायचं, असं सुरू झालं. मला खरोखरच कुतूहल होतं. पायऱ्या उतरून गेलं की जुनी पिंपं लागतात. मधल्या एकाची फळी नवी आहे. तिथून हवा गार होत जाते. तिच्या सांगण्यात कुठेही विसंगती नव्हती. आदल्या दिवशी जिथे थांबली, तिथूनच ती पुढे जायची. भाऊजींना नकाशापेक्षा यातच गोडी वाटू लागली. "आपण न जाताच पोचलो की," ते म्हणाले.

एका संध्याकाळी ती ताठ बसली होती. ग्लास नाकाशी, डोळे उघडे.

"शेवटच्या पिंपापाशी आलेय," ती म्हणाली. "त्याच्यामागे ठेंगणं दार आहे. आणि दाराच्या फटीतून..."

"काय?"

"पाव. माझा पाव गं. झालाय, आता काढायला हवा." तिने ग्लास खाली ठेवला. चेहरा एखाद्या मुलीसारखा झाला होता. "उद्या दार उघडून बघते."

त्या रात्री घरी जाताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. निघताना ताईने मला जवळ घेतलं होतं. काय चुकलं ते मात्र लक्षात येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मळ्यावर फोन केला. तारखा पक्क्या करायच्या होत्या, असं मी स्वतःला सांगितलं. बाईंचा आवाज बदललेला होता.

"तुम्ही थोडं उशिराच या," त्या म्हणाल्या. "खालच्या तळघरात वास शिरलाय. रोज संध्याकाळी येतो. माणसं खाली जायला तयार नाहीत, मीच बॅटरी घेऊन जाते."

"कसला वास?"

"हसाल तुम्ही. गुडघेदुखीचं मलम असतं ना, ते. आणि वेलची. आधी पायऱ्यांवर होता. मग आत आत सरकत गेला. काल शेवटच्या पिंपापाशी होता."

मी टेबलाची कड धरली होती. "त्या पिंपामागे दार आहे का?"

"होतं. मी या घरात सून म्हणून आले त्याच्या आधीच विटा लावून बुजवलंय." मग अगदी हळू, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी अर्धी रजा टाकून ताईकडे गेले. भाऊजी नकाशा घेऊन बाहेरच्या खोलीत होते. "हॉटेल सांगू का मग पक्कं?" त्यांनी विचारलं. मी सरळ स्वयंपाकघरात शिरले. बाटलीत तीन-चार घोट उरले असतील. मी ते सिंकमध्ये ओतले, वरून नळ सोडला, बाटली विसळली. चंबू आणि ग्लास साबणाने धुतले. लाल रंग जाळीतून पूर्ण जाईपर्यंत उभी राहिले.

मग ताईच्या खोलीत गेले.

ती पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि गुडघ्याला मलम चोळत होती. डबी उघडी होती. या मलमाने दारातच डोळे चुरचुरतात.

चुरचुरले नाहीत.

मी तिच्याजवळ बसले. डबी नाकाशी धरली. मग तिचा हात, मग तिचा खांदा, केस. गालातली वेलची तिने दातांखाली फोडली, तो आवाज मला ऐकू आला.

कशालाच वास नव्हता. शुद्ध पाण्याचा चंबू असावा, तसं.

उशीच्या अभ्र्याला मात्र साबणाचा वास होता. खिडकीतून येणाऱ्या धुळीचा वासही येत होता. म्हणजे माझं नाक ठीक होतं. काल काय चुकलं होतं, ते मला आता कळलं.

"ताई," मी म्हणाले.

तिने माझ्या दिशेला तोंड केलं आणि नाकपुड्या फुलवून खोल श्वास घेतला. तिला फार आनंद झालेला दिसला.

"तुझ्या लॅबच्या साबणाचा वास," ती म्हणाली. "इतक्या दिवसांनी आला बघ. तूही खाली आलीस, बरं झालं."

"आपण घरी आहोत ताई. तुझ्या खोलीत."

ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

"दिवा का घालवलास गं?" तिने विचारलं. "आता वर कसं यायचं?"

खोलीत दुपारचं लख्ख ऊन होतं. ताईने उजवा हात लांब केला. तिथे नुसती हवा होती. हात तिथेच कशावर तरी टेकला, हळूहळू पुढे सरकला आणि थांबला. मग तिने तो मागे घेतला आणि ओल पुसावी तशी बोटं पदराला पुसली.