कोगनोळीचा नकाशा उघडेना

माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मला अजिबात खपत नाही. त्या दिवशी डबा खाऊन आले, तर धुळीनं माखलेला एक पोरगा तिथं ऐसपैस बसलेला!

“ओ, उठा! कोण तुम्ही?”

“स्वरूप. कडोलीचा. मोजणीला नवीन आलोय.” तो गडबडीनं उठला... आणि हसला. “कुणाची खुर्ची ते म्हाईत न्हवतं.”

“आता कळलं न्हवं?”

“व्हय. आता रोज इकडंच येतो.”

मेला! पहिल्याच दिवशी!

बेळगावातल्या आमच्या छोट्या ऑफिसात गावागावांचे नकाशे बनतात. मोजणीवाले विहिरी, रस्ते, पाईप मोजून आणतात, आणि त्या सगळ्या फायली नीट लावून ठेवणं माझं काम. मी वडगावच्या विणकराची पोर. मागावर एक धागा तुटला की साडी अडते, हे लहानपणापासून बघितलेलं. नकाशाचंही तसंच. एका नकाशाच्या चार-पाच फायली असतात आणि सगळ्यांचं नाव एकच लागतं. एकीचं जरी बदललं तरी नकाशा उघडत नाही. पण हे मोजणीवाल्यांना कोण सांगणार? ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘खरंच फायनल’... डोकं फिरायचं माझं!

स्वरूपला मात्र मी रोज समजावत होते. तो गालावर हात ठेवून ऐकायचा आणि म्हणायचा, “परत एकदा सांगा की.” समजत होतं हो त्याला, सगळं समजत होतं! माझ्याकडंच टक लावून बसायचा, आणि मी मान वर केली की पठ्ठ्या पंख्याकडं बघणार. आणि मी? तो निपाणीकडं मोजणीला गेला की माझा दिवस सरता सरायचा नाही. खोटं कशाला बोलू?

कोगनोळीच्या पाण्याच्या पाईपांचा नकाशा हे त्याचं पहिलं मोठं काम. ते गावकऱ्यांना पटलं तर आमच्या ऑफिसचे महादेव साहेब त्याला कायम करणार, नाहीतर घरी पाठवणार.

गावची मंडळी आली. भिंतीवर पडदा लावला. मी नकाशा उघडायला गेले... आणि उघडेना! परत केलं. नाहीच. फायली ठेवल्या होत्या तो फोल्डर उघडला, तर सगळ्या फायलींचं नाव ‘कोगनोळी’, आणि एकीचं... ‘ऋतिका’.

भिंतीवर, हातभर अक्षरांत, माझं नाव!

“हे कुणी केलं?” साहेब कडाडले.

स्वरूपचा चेहरा पांढराफटक पडला. गेली त्याची नोकरी, असं मनात आलं आणि मी ठोकून दिलं, “मीच साहेब. चुकून झालं.”

“न्हाय साहेब!” तो उठून उभा राहिला. “मीच केलं. काल फाईल देताना मॅडमचंच नाव टाईप झालं. दुसरं काय डोक्यात येतच न्हाय... त्यांना बोलू नका.”

मग मालुबाई नावाच्या कोगनोळीच्या आजी पदर तोंडाला लावून हसल्या. “अगं बाई! पोरगं खरं बोलतंय की गं! पण साहेब, लगीन मागनं लावा. आमचं पाणी कुठनं येतंय ते आदी दावा!”

हसण्यानं खोली दणाणली. मी त्या फायलीचं नाव बदललं आणि नकाशा उघडला. पार शेवटच्या वस्तीपर्यंत एकेक पाईप! मालुबाईंना स्वतःचं घर सापडलं, तेव्हा त्या पडद्याला बोट लावून आल्या.

“काम चोख, डोकं ठिकाणावर नाही,” साहेब म्हणाले. “महिनाभर मोजणी बंद. ऋतिकाजवळ बसून फायली लावायला शिक.”

“म्हणजे... ठेवलं मला?”

“आता काय कन्नडात सांगू?”

संध्याकाळी जिन्यात त्यानं मला गाठलं.

“मॅडम, तुम्ही खोटं का बोललासा?”

“तुला घरी धाडलं असतं म्हणजे? मी काय केलं असतं रं इथं?” माझा आवाज चढला आणि डोळेही भरले. “आवडतोस मला. लई आवडतोस.”

त्यानं खिशातनं फोन काढला. “आईला सांगू?”

“आत्ता?”

“आत्ताच.” फोन लागला. “आई, ती हाय न्हवं... ती व्हय म्हणाली!” आणि फोन सरळ माझ्या कानाला!

“म-मी ऋतिका...”

“म्हाईत हाय गं,” पलीकडून हसू ऐकू आलं. “ह्यो घरी आला की तुझंच नाव. ऐतवारी जेवायला येतीस न्हवं?”

मी स्वरूपकडं बघितलं. जिन्यात बघायला पंखा नव्हता, तो सरळ माझ्याकडं बघत होता.

“येते की,” मी म्हणाले.