अर्ध्या किलोचं खोटं

प्रेमाची सुरुवात नजरेनं होते, असं राजेश्वरी ऐकून होती. तिच्या बाबतीत ती आवाजानं झाली. खण्णकन.

सांगलीत विश्रामबागच्या एका बालरुग्णालयात मुलांची वजनं आणि उंच्या घेऊन कार्डावर मांडायचं काम तिच्याकडं होतं. सहा वर्षांची ब्राह्मी काट्यावर उभी राहिली, आकडा सोळा किलो नऊशेवर थांबला, आणि पोरगी खाली उतरताना तिच्या फ्रॉकच्या खिशातून काहीतरी फरशीवर आदळलं. अर्ध्या किलोचं लोखंडी वजन. दुकानातलं.

राजेश्वरीनं ते उचललं. पोरीकडं पाहिलं. मग पोरीच्या बापाकडं.

"तुमची मुलगी वाजते."

"ते... खेळता खेळता घातलं असेल हो खिशात."

"आणि वरून ही सुटलेली सेफ्टी पिन? तीही तिनंच लावली?"

बापाचे कान लाल झाले. अजितकुमार त्याचं नाव. मार्केट यार्डात त्याचं बेदाण्याचं दुकान होतं, तीन पिढ्यांचं. तीन पिढ्यांत कुणी गिऱ्हाइकाला वजनात मारलं नव्हतं. चौथ्यांदा जन्म घेऊनही या माणसाला ते जमलं नसतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"सिस्टर, प्लीज, डॉक्टरांना सांगू नका..."

"मी सिस्टर नाही. वजनं घेते फक्त."

"बरं झालं," तो म्हणाला. आणि मग, आपण काय बोललो ते न कळताच, "सिस्टर म्हणायला जीवावरच आलं होतं."

तिनं सोळा किलो चारशे लिहिलं. पण लिहिताना अक्षर हललं.

हकिकत साधी होती. ब्राह्मी एका जागी बसत नव्हती. बालवाडीत ती बाकांवरून चालायची, दुसऱ्यांची उत्तरं द्यायची, खिडकीतल्या चिमणीशी गप्पा मारायची. तपासण्या झाल्या, आजाराला इंग्रजी नाव मिळालं, गोळी सुरू झाली. गोळीनं ब्राह्मी बसली. अशी बसली की शाळेनं तिला 'आदर्श विद्यार्थिनी' म्हणून प्रमाणपत्र दिलं. चिमणीला कुणी विचारलं नाही.

फक्त ती जेवेना. डबा जसा जायचा तसा परत यायचा. रात्री डोळा लागायचा नाही, दिवसा फ्रॉकची कॉलर चावून चावून तिचं सूत निघालं होतं. डॉक्टर भले होते. म्हणाले, काही मुलांना हे होतं, लहान मुलांना जरा जास्तच. वजन सोळाच्या खाली गेलं तर गोळी थांबवू. शाळा म्हणाली, गोळी थांबली तर मुलगी घरी. जूनमध्ये पहिलीत घ्यायची की नाही, ते एप्रिलच्या वजनाच्या कार्डावर ठरणार होतं. बायको चार वर्षांपूर्वी गेल्यापासून अजितकुमारला कुणाला विचारायची सोय नव्हती. काटा सोळाकडं घसरत होता; त्यानं आपल्या अकलेनं अर्धा किलो वाढवला.

"तिला भूक लागतच नाही? कधीच?" राजेश्वरीनं विचारलं.

"लागते की. साडेसातला. गोळीचा अंमल उतरला की सपाटून लागते."

"मग घाला की तेव्हा."

तो म्हणाला, "आमच्यात दिवस मावळला की चूल बंद. आईचा नेम आहे, पाणीसुद्धा घेत नाही ती."

"पोरीला पण?"

"पोरीला सूट आहे म्हणते आई. स्वयंपाकघराला नाही."

राजेश्वरी उंब्रजची. घरी ऊस, दोन काका फौजेत, आणि हिचं वय चौतीस. स्थळं बघून बघून घरचे दमले होते, आणि आता तिच्याशी लग्न सोडून सगळ्या विषयांवर प्रेमानं बोलत. दवाखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन ती एकटी राहायची.

"साडेसातला माझ्याकडं आणा," ती म्हणाली. आपला आवाज ऐकून तिलाच नवल वाटलं.

प्रेमकथेत पाऊस लागतो. इथंही पडला... फेब्रुवारीत, अवकाळी, शेडवर वाळत घातलेल्या बेदाण्यावर. अख्खं मार्केट यार्ड आभाळाला शिव्या देत असताना अजितकुमार भिजत राजेश्वरीच्या दारात उभा, एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात बेदाण्याचा पुडा.

"हे कशाला?"

"रिकाम्या हातानं कसं यायचं?"

"रिकामा कुठाय? पोरगी आहे की हातात."

ब्राह्मीनं त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली. डाळीत बुडवून, बोटं चाटत, तोंडभर बोलत. अजितकुमार भिंतीला टेकून बघत राहिला. राजेश्वरी त्याच्याकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

"चटणीला वेगळाच वास आहे," तो एके दिवशी म्हणाला.

"वास नाही म्हणून वेगळा. लसूण घातला नाही. तुमच्यात चालत नाही ना."

"म्हणजे तुम्ही आमच्यासाठी—"

"तुमच्यासाठी नव्हे. पोरीसाठी."

"मग मी खातोय ती कुणासाठी?"

"दिवस मावळलाय. तुम्ही खाताय हे आईंना माहीत आहे का?"

त्यानं घास तोंडात तसाच धरला. मग गिळला. ती हसली. उंब्रजच्या बाईनं लसूण सोडायचा आणि चंदनबालाबाईंसारख्या नेमाच्या आईच्या लेकानं सूर्यास्तानंतर जेवायचं. याहून मोठी कबुली काय असते? पण दोघंही शिकलेली. कबुली शब्दांत असली पाहिजे, असा त्यांचा समज.

मार्चमध्ये स्वतः चंदनबालाबाई आल्या. उन्हं असताना, म्हणजे पाणी तरी घेता यावं.

"मी तुला बोल लावायला आले होते," त्या म्हणाल्या. "सकाळी पोरीला न्हाऊ घातलं. तिच्या फासळ्या मोजून झाल्या माझ्या. नेम मोडवत नाही, आणि हे बघवत नाही. घालशील ना गं तिला असंच?"

"घालीन, आई." 'आई' चुकून निघालं. म्हातारीनं ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं. तिच्या मानानं हा होकारच होता.

पण एका वेळच्या जेवणावर पोर कुठवर तग धरणार? सोळा पाचशे. सोळा तीनशे. एप्रिलमध्ये ताप आला, चार दिवस साडेसातची भूकही गेली. कार्डाच्या दिवशी ब्राह्मी काट्यावर उभी राहिली. हात सरळ, नजर समोर, शाळेनं शिकवल्यासारखी. पंधरा सातशे.

खोलीत तिघंच होती. अजितकुमारनं आकडा वाचला.

"राजेश्वरी," तो म्हणाला. इतके दिवस 'मॅडम' होतं. "सोळा लिही."

"काय?"

"तीनशे ग्रॅमचा तर प्रश्न आहे. एकदा पहिलीत बसू दे. मग मी स्वतः डॉक्टरांना सांगतो. आणि... मी आईशी बोललोय. आपल्याबद्दल. तू हो म्हणालीस, तर जूनमध्येच..."

हे वाक्य राजेश्वरीनं मनात कितीतरी वेळा ऐकलं होतं. कधी कृष्णेच्या घाटावर, कधी तव्यापाशी, एकदा तर डोळ्यांत कांद्याशिवाय पाणी आणून. त्या सगळ्या वाक्यांत तीनशे ग्रॅम नव्हते.

तिनं ब्राह्मीकडं पाहिलं. पोर हलत नव्हती. खिडकीत चिमण्या आल्या होत्या, तिकडंही बघत नव्हती. कॉलर तेवढी तोंडात.

राजेश्वरीनं पंधरा सातशे लिहिलं. या वेळी अक्षर अजिबात हललं नाही, याचंच तिला पुढं फार वाईट वाटत राहिलं.

डॉक्टरांनी गोळी थांबवली. म्हणाले, दोन महिने अंग भरू दे, मग दुसरं औषध बघू, शाळेला मी पत्र देतो. शाळेनं पत्र वाचलं, डॉक्टरांच्या अक्षराचं कौतुक केलं आणि दाखला काढून हातावर ठेवला. बाकीच्या शाळा त्याहून सुसंस्कृत. त्यांनी चहा पाजून नकार दिला.

ब्राह्मी मात्र जेवू लागली. सकाळी दोन चपात्या, दुपारी तीन, चारला पुन्हा काहीतरी. सगळं उजेडात, आजीच्या स्वयंपाकघरात, नेमाला धक्का न लावता. साडेसातला राजेश्वरीकडं यायचं काही कारणच उरलं नाही. ज्या गोष्टीसाठी ती इतके दिवस देवाला हात जोडत होती ती देवानं दिली, आणि तिची संध्याकाळ काढून घेतली. देवही तसा व्यापारीच.

तो आला नाही. तिनं बोलावलं नाही.

जुलैत त्याचा फोन आला. साताऱ्यात त्याच्या बहिणीच्या घराजवळ एक छोटी शाळा होती. वर्गात बारा मुलं, आणि अट एकच: पहिलं वर्षभर आई किंवा बापानं शाळेत हजर राहायचं. दुकान भावकीकडं सोपवून तो निघाला होता. "उद्या आठची गाडी. ब्राह्मी म्हणते, मावशीला सांगायचं..."

ब्राह्मी म्हणते. ठीक.

स्टँडवर ती पावणेआठलाच पोचली. ब्राह्मी गाडीत चढून, उतरून, पुन्हा चढून, कंडक्टरचं तिकिटाचं मशीन दाबून झाली होती. गाल भरले होते. अजितकुमारचे बसले होते.

"एक विचारू?" राजेश्वरी म्हणाली. "त्या दिवशी बोललात ते... सोळासाठी होतं, की—"

"आधीपासून होतं." तो जमिनीकडं बघत म्हणाला. "पण त्या दिवशी मी ते लाच म्हणून वापरलं. आता तेच शब्द परत कुठल्या तोंडानं काढू?"

काढा, असं तिला म्हणायचं होतं. साधा दोन अक्षरी शब्द. सांगलीहून सातारा तीन-साडेतीन तास. माणसं याहून लांब मुली देतात.

"उंब्रजला गाडी थांबते," ती म्हणाली. "हायवे आहे. पोरीचा हात सोडू नका."

"नाही सोडणार."

तो चढला. गाडी मागं सरकली, वळली. आणि खिडकीतून ब्राह्मी कमरेपर्यंत बाहेर आली. बापानं फ्रॉक मागून धरलेला.

"मावशीऽऽ! पप्पा रडतायत! मावशी, पप्पा आजीला म्हणाले मला राजेश्वरीच पाहिजे! खरंच म्हणाले! तुम्ही पण रडताय? का रडताय? तुम्ही या ना! मावशीऽऽ, येताय का?"

अख्खा स्टँड वळून बघू लागला. केळीवाली हसली. कंडक्टर दारातून ओरडला, "आवं साहेब, पोरीला गप करा की! काय औषध-बिषध हाय का न्हाई हिला?"

अजितकुमारनं तिला गप केलं नाही. तो पोरीच्या खांद्यावरून मागं बघत होता. उत्तराची वाट बघत होता, हे इतक्या लांबूनही कळत होतं.

राजेश्वरीच्या ओठांपर्यंत आलं. 'हो' म्हणून ओरडायचं, बस. चारचौघांत, स्टँडवर, बाईमाणसानं. गाडी फाटकाशी क्षणभर थांबली, आणि निघून गेली.

ती लहानपणापासून शहाणी मुलगी होती. गप्प बसायला तिला कधी गोळी लागली नव्हती.